वाचकांचे प्रश्न : काळ्या प्लेटमधून निघालेला जल्लाद

मागच्या अंकात मेझोटिंट या छपाईच्या प्रकाराबद्दल लिहिताना आपण पानभर एक चित्र छापलं होतं. ऱ्हाइनचा राजपुत्र रुपर्ट याने १६५८ साली फ्रँकफर्टमध्ये केलेलं 'द ग्रेट एक्झिक्युशनर'. एका हातात तलवार घेतलेला जल्लाद, आणि दुसऱ्या हातात केसांना धरलेलं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, काहींना चित्र फार आवडलं, काहींना बघवलं नाही, आणि दोन्ही मला पटतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते खाली घेतेय.

प्रश्न (वसईहून) : आमच्या घरी रोज बायबल वाचलं जातं. योहानाचं शीर तबकात आणल्याचा प्रसंग माहितीये, पण या चित्रात तबक नाही, हेरोद नाही, नाचणारी मुलगी नाही. मग याला बायबलमधला प्रसंग कसं म्हणायचं?

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि मत्तयच्या चौदाव्या अध्यायात ही गोष्ट येते. राजा हेरोद अँटिपासने भावाची बायको हेरोदिया हिच्याशी लग्न केलं, योहान उघडपणे म्हणाला की हे योग्य नाही, म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. मग हेरोदच्या वाढदिवसाची मेजवानी, हेरोदियाच्या मुलीचा नाच, आणि खूश झालेल्या हेरोदने सगळ्या पाहुण्यांसमोर शपथ घेतली की मागशील ते देईन, अगदी अर्धं राज्यसुद्धा. मुलीने आईला विचारलं, आईने सांगितलं योहानाचं शीर माग. हेरोदला वाईट वाटलं असं मार्क स्पष्ट लिहितो, पण शब्द दिलेला होता, तोही लोकांदेखत, म्हणून त्याने पहारेकऱ्याला पाठवलं. (मुलीचं नाव शुभवर्तमानांत नाहीये. सलोमी हे नाव आपल्याला जोसेफस या इतिहासकाराकडून मिळतं, आणि योहानाला मखेरस किल्ल्यात मारलं हेही त्यानेच लिहिलंय.)

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्या पहारेकऱ्याला मार्क जेमतेम दीड ओळ देतो. गेला, शिरच्छेद केला, शीर घेऊन आला, संपलं. त्याला नाव नाही, तो एक शब्द बोलत नाही, त्याला काय वाटलं ते कुणी विचारत नाही. शेकडो वर्षं चित्रकारांनी मेजवानी रंगवली, सलोमी रंगवली, तबक रंगवलं, आणि जल्लाद बहुतेक वेळा कडेला उभा किंवा पाठमोरा. या चित्रात मात्र बाकीचे सगळे काढून टाकलेत आणि तो एकटा उरलाय. ज्यांनी हुकूम दिला ते कुठेच दिसत नाहीत, ज्याने पाळला तो सगळी जागा व्यापून उभा आहे, आणि ते मुंडकं अजून तबकात पडायचं आहे, म्हणजे ही तुरुंगातून दिवाणखान्यात जायच्या मधली वेळ आहे. माझ्या मते बायबलच्या त्या दीड ओळीत इतका वेळ थांबलेली चित्रं फार थोडी आहेत. त्यामुळे हो, हा बायबलमधलाच प्रसंग आहे, फक्त जिथून सगळे घाईने पुढे जातात तिथे थांबलेला.

प्रश्न (कोल्हापूरहून) : मेझोटिंट म्हणजे नेमकं काय करतात? एचिंग मला माहितीये, तांब्यावर रेघा आणि अ‍ॅसिड. यात रेघाच दिसत नाहीत, मग एवढा काळा रंग आला कुठून?

हा प्रश्न आला याचा खरंच आनंद झाला, कारण हे कळलं की चित्र वेगळंच दिसायला लागतं.

एचिंग किंवा एनग्रेव्हिंगमध्ये (यात अ‍ॅसिड नाही, रेघ थेट अवजाराने कोरतात) सुरुवात कोऱ्या, गुळगुळीत प्लेटने होते, म्हणजे काहीच न करता छापलीत तर कागद पांढरा येईल. तुम्ही रेघ ओढाल तिथे काळं. सावली हवी असेल तर रेघा जवळजवळ, आडव्या उभ्या, एकावर एक, आणि लांबून ते करडं दिसतं. मेझोटिंटमध्ये याच्या बरोबर उलटं आहे. आधी तांब्याची अख्खी प्लेट खडबडीत करायची. त्यासाठी रॉकर नावाचं अवजार असतं, रुंद पोलादी पातं, कड अर्धगोल, आणि त्या कडेला बारीक बारीक दात. ते प्लेटवर उभं धरून डावीउजवीकडे झुलवत झुलवत पुढे न्यायचं, मग दिशा बदलून परत, मग तिरकं, मग दुसरीकडून तिरकं, असं कित्येक दिशांनी. पाट्याला टाकी लावतात तसंच काम, फक्त फार बारीक आणि तासन् तास, मोठी प्लेट असेल तर दिवसचे दिवस. प्रत्येक दाताने तांब्यात छोटा खड्डा पडतो आणि त्याच्या कडेला तांब्याची छोटीशी किनार वर उठते. शाई या खड्ड्यांत आणि किनारींत अडकून बसते. या अवस्थेत प्लेट छापली तर कागद संपूर्ण काळा येतो, आणि काळा म्हणजे मखमली काळा, जो रेघांनी कधीच मिळत नाही.

मग खरं चित्र सुरू होतं. जिथे उजेड हवा तिथे स्क्रेपरने त्या किनारी खरवडायच्या, थोड्या खरवडल्या तर गडद करडं, जास्त खरवडल्या तर फिकं, आणि अगदी पांढरं हवं असेल तर बर्निशरने घासून तांबं पुन्हा गुळगुळीत करायचं म्हणजे तिथे शाई थांबतच नाही. सगळं झालं की प्लेटला शाई लावायची, वरची जादा शाई पुसून काढायची, ओला कागद ठेवायचा आणि रोलरच्या प्रेसमधून काढायचं. चित्र अर्थातच उलटं उमटतं, डावं उजवीकडे.

म्हणजे चित्रकार इथे सावली काढत नाहीये, सावली आधीपासून आहे, तो उजेड काढतोय. आता जल्लादाचं चित्र परत बघा. जल्लादाचा खांदा, तलवारीचं पातं, योहानाचा निर्जीव चेहरा, जे जे दिसतंय ते ते रुपर्टला एकेक करून अंधारातून खरवडून बाहेर काढावं लागलंय, आणि जे त्याने तसंच सोडलं ते तुरुंगाचा अंधार म्हणून राहिलं. अंधारकोठडीतल्या प्रसंगाला याहून जवळची दुसरी पद्धत त्या काळात नव्हती. माझ्यासाठी या चित्राचा सगळा जोर इथे आहे.

एक अडचण मात्र या पद्धतीला कायम राहिली. त्या उठलेल्या किनारी नाजूक असतात, प्रत्येक छपाईला प्रेसखाली दबतात. शंभरेक चांगल्या प्रती निघाल्या की काळा रंग पातळ पडायला लागतो आणि चित्र धुरकट दिसतं, म्हणून संग्राहक लोक सुरुवातीच्या प्रतींसाठी जीव टाकतात. एकोणिसाव्या शतकात, १८२०च्या दशकात, तांब्याऐवजी पोलादाच्या प्लेट वापरायला लागले तेव्हा प्रतींची संख्या वाढली, पण पोलादावर ती मऊ काळी मखमल तशी येत नाही असं माझं मत आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर तुम्हालाही पटेल.

प्रश्न (पुण्याहून) : मी असं वाचलं होतं की रुपर्टने एका सैनिकाला बंदुकीच्या नळीवरचा गंज खरवडताना पाहिलं आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. खरं आहे का?

गोष्ट छान आहे, आणि अठराव्या शतकात होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने ती छापल्यामुळे सगळीकडे पसरली, पण खरी नाही. मेझोटिंटचा शोध लुडविग फॉन झिगनचा. हाही लष्करी माणूस, जन्म १६०९, जर्मनीतल्या हेसे-कासेलच्या दरबारात नोकरीला होता. त्याने १६४२ साली तिथल्या राजघराण्यातल्या अमेली एलिझाबेथचं पोर्ट्रेट या नव्या पद्धतीने केलं आणि ते पाठवताना सोबतच्या पत्रात तिच्या मुलाला लिहिलं की हे कसं केलंय ते कुठल्याही एनग्रेव्हरला ओळखता यायचं नाही. ते पत्र आज उपलब्ध आहे, त्यामुळे वाद संपतो. मात्र झिगन अख्खी प्लेट काळी करत नव्हता, तो दातेरी चाकासारख्या अवजाराने जिथे सावली हवी तिथेच टिंबं पाडत जायचा, म्हणजे अजून उजेडाकडून अंधाराकडे. १६५०च्या दशकात रुपर्टने ही युक्ती त्याच्याकडून घेतली आणि पुढचा मोठा बदल, आधी सगळं काळं करून मग उजेड काढायचा, याचं श्रेय साधारणपणे रुपर्टला देतात. त्याच्यासोबत वालेराँ व्हायाँ नावाचा मूळ लिलचा चित्रकार काम करत होता, तो पुढे अ‍ॅमस्टरडॅमला गेला आणि त्याने दोनशेच्या वर मेझोटिंट केली, पोट भरण्यासाठी हेच काम करणारा तो पहिला. पुढे अब्राहम ब्लोटेलिंगने रॉकरचा वापर पक्का बसवला. एका माणसाला एका क्षणी काहीतरी सुचलं अशी गोष्ट आपल्याला आवडते, पण इथे झिगन, रुपर्ट, व्हायाँ, ब्लोटेलिंग असे चारपाच हात लागलेत आणि त्यात कुणाचंच श्रेय कमी होत नाही.

प्रश्न (ठाण्याहून) : राजपुत्र स्वतः हाताने हे काम करायचा? की कारागिराकडून करून घेऊन खाली नाव टाकलं?

स्वतः करायचा. जॉन इव्हलिन या लेखकाने १६६१ साली डायरीत लिहून ठेवलंय की रुपर्टने स्वतःच्या हाताने ही पद्धत त्याला करून दाखवली. (हे तेच साल, ज्या वर्षीच्या लग्नाच्या करारात मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला, दुसऱ्या चार्ल्सला मिळालं, आणि रुपर्ट या चार्ल्सचा आतेभाऊ.) पुढच्याच वर्षी, १६६२ मध्ये, इव्हलिनने एनग्रेव्हिंगवरचं आपलं पुस्तक काढलं त्यात रुपर्टने याच चित्रातलं जल्लादाचं फक्त डोकं, खाली झुकलेला चेहरा, छोट्या प्लेटवर पुन्हा करून दिलं. त्याला 'द लिटल एक्झिक्युशनर' म्हणतात. पुस्तकात इव्हलिनने कृती मुद्दाम नीट सांगितली नाही, कला स्वस्त होऊ नये म्हणून, पण नमुना छापला गेला आणि लोकांची उत्सुकता वाढली ती वाढलीच. नंतरच्या शतकात हा प्रकार इंग्लंडमध्ये इतका रुजला की युरोपात त्याला इंग्रजी पद्धत असंच म्हणायला लागले.

रुपर्टच्या घरात कलेचं वातावरण होतं हेही लक्षात घ्या. तो १६१९ साली प्रागमध्ये जन्मला, वर्षभरात वडिलांचं बोहेमियाचं राज्य गेलं, आणि मुलं हॉलंडमध्ये निर्वासितासारखी वाढली. तिथे मेणबत्तीच्या उजेडातली चित्रं काढणारा होनथोर्स्ट या भावंडांना चित्रकला शिकवायचा, रुपर्टची बहीण लुईझ होलांडिन तर चांगली चित्रकार झाली. वयाच्या विशीत रुपर्ट युद्धकैदी म्हणून ऑस्ट्रियात लिंझला जवळजवळ तीन वर्षं होता, तिथेही चित्रकला चालू होती.

प्रश्न (नागपूरहून) : तुम्हीच लिहिलंत की मूळ चित्र रिबेराचं आहे. मग रुपर्टने केलं ती कॉपीच ना? तिला एवढं महत्त्व कशाला?

नाही, आणि या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

मूळ तैलचित्र रिबेराच्या नावावर होतं हे बरोबर. रिबेरा स्पेनचा, पण आयुष्य गेलं इटलीत, नेपल्समध्ये, तिथे त्याला स्पान्योलेत्तो म्हणायचे आणि प्रिंटवर त्याच टोपणनावाचं संक्षिप्त रूप घालून मूळ कल्पना त्याची असं रुपर्टने कबूलही केलंय. फोटो नव्हते त्या काळात एका शहरातलं चित्र दुसऱ्या शहरात पोचायचं ते प्रिंटमधूनच, त्यामुळे प्रसिद्ध चित्रावरून प्रिंट करणं यात कमीपणा कुणालाच वाटत नव्हता. पण रंगातलं चित्र फक्त काळ्यापांढऱ्यात आणायचं म्हणजे प्रत्येक रंगासाठी निर्णय घ्यावा लागतो, अंगाचा रंग आणि कापडाचा रंग वेगळा आहे हे आता फक्त करड्याच्या छटांनी सांगायचंय, रक्ताचा लाल तर हातात नाहीच. आणि हे सगळं ज्या पद्धतीत करायचं ती पद्धत शोधून जेमतेम सोळा वर्षं झालेली, झिगन सोडला तर कुणी शिकवणारं नाही. शिवाय प्लेट किती मोठी घेतली बघा, सुमारे ६३ सेंटिमीटर उंच आणि ४४ रुंद. नंतरच्या इंग्रज कारागिरांच्या प्लेट जास्त सफाईदार आहेत, रुपर्टच्या प्लेटवर अवजारांचे माग दिसतात, काळा रंग सगळीकडे एकसारखा नाहीये. मला तो खरखरीतपणा आवडतो, अठराव्या शतकातली गोड गोड पोर्ट्रेट बघितल्यावर तर जास्तच. ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम) या दोघांकडे प्रती आहेत, त्यांच्या साइटवर फोटो मोठा करून बघता येतो, नक्की बघा.

प्रश्न (बंगळुरूहून) : रुपर्टच्या मामाचा, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद झाला होता ना? या चित्राशी त्याचा संबंध असेल का?

३० जानेवारी १६४९, लंडनला व्हाइटहॉलसमोर. रुपर्ट या मामासाठी यादवी युद्धात घोडदळ घेऊन लढला होता आणि हरला होता. त्यानंतर नऊ वर्षांनी, हद्दपारीत असताना, निवडायला शेकडो चित्रं उपलब्ध असताना त्याने जल्लाद निवडला. मी याला पुरावा म्हणणार नाही, योहानाचा विषय तेव्हा सगळीकडेच चालायचा आणि अंधारउजेडाचं चित्र या पद्धतीला सोयीचं होतं हेही कारण पुरेसं आहे. पण १६५८ साली हे चित्र हातात घेतलेल्या कुठल्याही राजनिष्ठ इंग्रजाला चार्ल्स आठवला नसेल हे मला शक्य वाटत नाही. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता, तलवारीच्या पात्यावर रुपर्टने आपली आद्याक्षरं टाकलीत आणि वर मुकुट काढलाय. सहीला प्लेटवर दुसरीकडे कुठेही जागा होती.

प्रश्न (मडगावहून) : आमच्याकडे जूनमध्ये सांजाव असतो तो याच योहानाचा का?

हो, तोच. २४ जून हा त्याचा जन्मदिवस मानतात, म्हणून डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारायच्या. या चित्रातल्या प्रसंगाची, म्हणजे शिरच्छेदाची, तिथी चर्चच्या कॅलेंडरमध्ये वेगळी आहे, २९ ऑगस्ट.

प्रश्न (मुंबईहून) : चोरबाजारातून एक जुनं काळपट प्रिंट घेतलं, विकणारा म्हणाला सतराव्या शतकातलं मेझोटिंट आहे. घरच्या घरी कसं तपासू? आणि पावसाळ्यात बुरशी धरायला लागलीये, काय करू?

आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा, दागिने बघायला वापरतात ते चालेल. काळा आणि पांढरा यांच्या मधला करडा भाग बघा. एकसारख्या अंतरावर गोल ठिपके दिसले तर ते अलीकडचं यंत्रावर छापलेलं आहे, पुढे बघायची गरज नाही. मेझोटिंट असेल तर रॉकरच्या दातांचे बारीक तुटक माग दिसतील, रांगेत आणि तिरके एकमेकांना छेदणारे, आणि बाह्यरेषा सहसा नसते, एक छटा संपते तिथे दुसरी सुरू होते. मग कडा बघा, प्लेटच्या दाबाने कागदावर चौकोनी खळगा पडलेला असतो, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका कारण फोटोग्रॅव्ह्युरलाही (फोटोवरून प्लेट तयार करून केलेल्या छपाईलाही) तो असतो आणि तो मेझोटिंटसारखाच दिसतो. नंतर कागद उजेडासमोर धरा. जुन्या हातकागदात जाळीच्या बारीक समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या लांब अंतरावरच्या रेघा दिसतात. कागद एकसारखा गुळगुळीत असेल आणि एकही रेघ नसेल तर ती प्रत सतराव्या शतकातली असू शकत नाही, तसा कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आला. आणि खाली इंग्रजीत पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रकाशित असं काही लिहिलं असेल तर ते १७३५ नंतरचं, कारण तो कायदाच तेव्हाचा. अठराव्या शतकातलं निघालं तरी नाराज होऊ नका, त्या काळात लखनौच्या कोंबड्यांच्या झुंजीचं झोफनीचं चित्रसुद्धा रिचर्ड अर्लमने मेझोटिंटमध्ये आणलंय आणि अशा प्रती सुंदर असतात.

बुरशीचं लगेच बघा. पहिली गोष्ट म्हणजे फडक्याने पुसू नका, मेझोटिंटमध्ये शाईचा थर जाड असतो आणि घासला की काळ्यावर चमकदार ओरखडे उठतात जे पुन्हा जात नाहीत. फ्रेममधून काढा, मागचा हार्डबोर्ड फेकून द्या, कोरड्या खोलीत पंख्याच्या थेट झोताखाली न ठेवता सपाट ठेवा. लॅमिनेशन तर चुकूनही नको, सेलोटेपही नको. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे परत लावू नका, आणि फ्रेम करताना अ‍ॅसिड-फ्री माउंट मागा, काच आणि कागद एकमेकांना चिकटता कामा नये. डाग खोल गेले असतील तर घरगुती उपाय करत बसू नका. मुंबईतच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा, आणि नेताना प्रिंट गुंडाळी करून नाही, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून न्या.